सासनकाठीवाल्या पैलवानांस, फोटोवाल्याकडून



चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी खांद्यावर नाचवताना तुमचे पाय डगमगले नाहीत. डगमगले ते दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, माझ्या एक्स-रेच्या खोलीच्या उंबऱ्यावर. भुवयांपर्यंत गुलाल, घोटा टम्म सुजलेला, आणि पहिला प्रश्न, "किरणांनी अंगात उष्णता तर धरणार नाही?"

सावधपणाचं कौतुकच आहे. घोट्याच्या एका फोटोला जेवढे किरण लागतात, तेवढे यात्रेच्या एका मुक्कामात माती, खडक आणि आभाळातून फुकट मिळतात. छातीच्या फोटोला जास्त लागतात, साधारण दहा-पंधरा दिवसांत निसर्गातून मिळतात तेवढे. आणि बटण सोडलं की किरण संपले, अंगात काही साचत नाही. पण डोंगरावरचे किरण देवाचे, माझे सरकारमान्य यंत्राचे. भीती माझ्याच वाट्याला यायची.

घोट्यावरचा काळा दोरा आणि त्यात ओवलेलं तांब्याचं नाणं काढायला तुम्ही साफ नकार दिलात. त्याला परंपरा आहे. १८९५ च्या डिसेंबरात हे किरण शोधणाऱ्या रोंटगेनसाहेबांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला, बाईंनी अंगठी काढली नव्हती, आणि आजही बघणाऱ्याला हाडांआधी अंगठीच दिसते. तुमचं नाणंही तसंच अजरामर झालं, नेमकं दुखऱ्या हाडावर बसून. मग दोरा सोडून पुन्हा फोटो. त्या बाई पंधरा मिनिटं हात न हलवता बसल्या होत्या. मी तुमच्याकडं एक क्षण मागितला, तेवढ्यात तुम्ही "चांगभलं!" म्हणून पाय झटकलात. मग तिसरा. ज्या किरणांना भ्यालात, ते तिप्पट घेऊन गेलात.

वर बाजूनंही फोटो काढला, तर "पैसे वाढवायचे धंदे" असं चुलत्यांनी दारातून ऐकवलं. समोरून दडलेली चीर बाजूनं सापडते, हे सांगायचं होतं, पण चांगभलंच्या गजरात कोण ऐकतो!

आता सूनबाईंचं. पाय धरायला त्या आत आल्या. "दिवस गेलेत का?" म्हणून मी विचारलं, तर तुमच्या मंडळी माझ्यावरच खवळल्या. चारचौघांत असलं विचारतात होय? सूनबाई मात्र पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. तेवढं मला पुरलं. त्यांना बाहेर पाठवलं आणि शिशाचा एप्रन घालून चुलत्यांना पाय धरायला लावलं. तिसरा महिना लागेपर्यंत दृष्ट लागू नये म्हणून गोड बातमी लपवा, गावभर लपवा, पण फोटोवाल्याच्या कानात सांगा. एवढी एकच गोष्ट मी उपरोधानं लिहीत नाही.

फोटोत हाड मोडलेलं दिसलं नाही. तुम्ही लगेच गुलाल उधळलात. पण फोटोत हाड दिसतं, तुटलेला सांध्याचा बंध दिसत नाही, आणि केसाएवढी चीर कधी कधी आठवडा-दहा दिवसांनीच उमटते. दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, आणि जुना फोटो सोबत न्या.

तो मात्र माझ्या टेबलावरच राहिलाय. पाकीट तुम्ही नेलंत, त्यात प्रसादाचं खोबरं होतं.

तुमचा,
फोटोवाला