आठ कुटीरं आणि एक मे महिना

माझा भाचा गुहागरजवळ रिसॉर्ट काढतोय. आठ कुटीरं, विजेचा खांब नाही, नळजोडणी नाही, सगळा कारभार सूर्य आणि पावसावर. "मामा, बिल शून्य, टँकर शून्य!" शून्याचा एवढा अभिमान त्याला शाळेत नव्हता.

कागदावर हिशेब देखणाच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छपरं ३२० चौरस मीटर, पाऊस ३,००० मिलिमीटर. सांडलवंड धरूनही साडेसात लाख लिटर कुठे जात नाही. हॉटेलात माणशी १८० लिटर धरतात. सोळा पाहुणे, ऑक्टोबर ते मे, म्हणजे सात लाख. जमलं की!

फक्त ते ठेवायचं कुठे? जांभ्याच्या भरवशावर राहता येत नाही. तो जुलैत विहीर काठोकाठ भरतो आणि एप्रिलपर्यंत सगळं पाणी गुपचूप खाली सोडून देतो. म्हणजे टाकी हवी: तेवीस मीटर लांब, दहा रुंद, तीन खोल. रिसॉर्टखाली दुसरं रिसॉर्टच, तेही बिनभाड्याचं.

विजेची तऱ्हा याहून न्यारी. एक किलोवॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं. पण दिवसभर पाहुणा समुद्रावर. पॅनेलांची सुट्टी झाली की हा येऊन एसी लावणार, आणि बॅटऱ्यांच्या पोटात गोळा येणार. शिवाय मेमध्ये ऊन मुबलक तेव्हा पाणी नाही, जुलैत पाणी मुबलक तेव्हा ऊन नाही. पाहुण्याला दोन्ही हवं, आणि तेही मेमध्येच, कारण मुलांच्या शाळेला सुट्टी तेव्हाच.

शेजारचे आबा हे सारं सुपारी कातरत ऐकत होते. त्यांच्या घरी न्हाणीचं पाणी पोफळींना जातं, बंब सोडणांवर पेटतो. याला कुणी प्रकल्प म्हणत नाही, म्हणून त्याचं कौतुकही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "काय रे, तुझे पाहुणे अंघोळीला किती वेळ लावतात?"

लॅपटॉपमध्ये तो रकाना नव्हता. शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे शंभरेक लिटर. आबांची अंघोळ एका बादलीत उरकते, वर गंगेची नावंही घेऊन होतात.

"त्यापेक्षा जुलैतच बोलाव सगळ्यांना," आबा म्हणाले. "पाणी आभाळातून, एसी लागत नाही."

"आणि लाइट, आबा?"

"साडेसातला जेवायचं, आठला निजायचं."

भाच्यानं ते लगेच टिपून घेतलं. आता माहितीपत्रकात 'डिजिटल डिटॉक्स पॅकेज' म्हणून येतंय, मे महिन्यापेक्षा हजार रुपये जास्त दरानं.