पेट्रोल येत नाही!

(रंगमंचाच्या मधोमध चिखलाने माखलेली उंच मोटरसायकल. शेजारी स्टुलावर काचेची रिकामी बाटली, स्क्रू ड्रायव्हर आणि प्लगपाना. निवेदक जाडजूड पुस्तक उघडतो. स्वर अत्यंत गंभीर.)

निवेदक : ऑफ-रोड मोटरसायकल चालता चालता बंद पडण्याची मुख्य कारणे दोन. पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. मुळशी तालुक्यात तिसरेही एक कारण मान्यता पावलेले आहे. ते म्हणजे, "हवा विरळ आहे."

हे कारण दर रविवारी ताम्हिणी घाटात ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की पुणे शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि मुळशीचे तळे त्याहून फारसे उंच नाही. कार्बोरेटरची गाडी खारदुंगला खिंडीत, 5,359 मीटरवर, धापा टाकते. घाटाच्या वाटेवरच्या पौडला तिने धापा टाकण्याचे काही कारण नाही. पौडला धापा टाकतो तो किक मारणारा.

(पान उलटतो.)

आजचा प्रश्न पेट्रोलचा. दोष शोधायचा तो टाकीपासून खाली, पेट्रोल ज्या वाटेने जाते त्या वाटेने. टाकी, कॉक, नळी, फिल्टर, कार्बोरेटर, इंजिन. गाडीभोवती जमलेली मंडळी नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. गाडी थांबल्यापासून तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणतो, "कार्बोरेटर खोला!" हा माणूस कणीस खात असतो. कार्बोरेटर खोलणारा दुसराच असतो आणि जोडणारा बहुधा कोणीच नसतो.

पहिला प्रश्न, टाकीत पेट्रोल आहे का. प्रश्न अपमानास्पद वाटतो, म्हणून तो कोणी विचारत नाही. काट्यावर भरवसा ठेवू नये. टाकीतला फ्लोट चढावर कलतो आणि काटा वाटेल ते सांगतो. झाकण उघडावे, आत पाहावे. मोबाइलच्या उजेडात पाहावे, काडेपेटीच्या नव्हे. (थांबतो.) ही सूचना पुस्तकात छापावी लागते, यातच सगळे आले.

झाकण उघडताना कान जवळ ठेवावा. "फुस्स" असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष सापडला. पेट्रोल खाली उतरायचे तर त्याच्या जागी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. मुळशीची तांबडी माती त्यात बसली की वाट बंद होते, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल जागचे हलत नाही. गाडी काही किलोमीटर व्यवस्थित जाते, मरते, थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालते. मालकाला वाटते गाडी रुसते. या छिद्रापायी माणसांनी कार्बोरेटर बदलले आहेत, प्लग बदलले आहेत, एखाद्याने गाडीच विकली आहे. घेणाऱ्याने झाकण धुतले.

(झाकणावर बोट फिरवतो, चिखल पाहतो, बोट पुस्तकाला पुसतो.)

याच झाकणाभोवती बऱ्याच गाड्यांना एक खळगी असते. खळगीत पडणारे पावसाचे पाणी बाहेर काढायला वेगळे भोक असते आणि त्याची नळी थेट गाडीच्या पोटाखाली निघते. ते भोक बुजले की झाकणाभोवती तळे साचते आणि रबर जुने असेल तर तळे आत उतरते. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीला एका दिवसात 550 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाल्याची नोंद आहे. असल्या पावसाला भोक किती बारीक आहे याच्याशी देणेघेणे नसते. मुळशी धरणाचे पाणी घाटाखालच्या भिऱ्याला उतरून वीज तयार करते. टाकीत उतरलेले पाणी इतके कामसू नसते.

पेट्रोलमधल्या पाण्याची तऱ्हा आता बदलली आहे. पूर्वी पाणी जड म्हणून तळाशी बसे आणि वेगळे दिसे. फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाण्याला आधी पोटात घेते. थोडे असेल तोवर कळतही नाही. प्रमाण वाढले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. म्हणजे तेरा लिटरच्या भरलेल्या टाकीत अडीच लिटरहून थोडे जास्तच इथेनॉल पक्ष बदलायला तयारच असते. वरून ताजे पेट्रोल ओतून ही फूट मिटत नाही. टाकी रिकामी करावी लागते.

इथेच "रिझर्व्ह"चा सापळा आहे. कॉकची रिझर्व्हची नळी टाकीच्या अगदी तळातून पेट्रोल ओढते. तळाशी कोण बसले आहे? पाणी, गंज आणि वर्षानुवर्षांचा कचरा. गाडी अडखळली की हात आपोआप कॉककडे जातो, रिझर्व्ह लागतो आणि तो सगळा ऐवज सन्मानाने कार्बोरेटरमध्ये दाखल होतो.

वाटेतल्या टपरीवर पाण्याच्या बाटलीत मिळणाऱ्या पेट्रोलबद्दल पुस्तक एवढेच सांगते की ते फडक्यातून गाळून ओतावे. फडके कचरा अडवते. पाणी आणि रॉकेल अडवत नाही. भाव तर कशानेच अडत नाही.

(बाटली उचलून कार्बोरेटरखाली धरतो.)

आता परीक्षा. कार्बोरेटरमध्येही एक फ्लोट असतो. त्याच्या वाटीला खालून एक स्क्रू असतो. इंजिन आणि सायलेन्सर थंड झाल्यावर तो सैल करावा, कॉक चालू ठेवावा आणि बाटली धरावी. पेट्रोल धारेने आले, तर टाकीपासून इथवरची वाट मोकळी. थेंब थेंब आले, तर दोष वर आहे : कॉकची जाळी, चेपलेली नळी किंवा फिल्टर. काहीच आले नाही, तर आधी कॉक चालू आहे का ते पाहावे आणि चालू नसेल तर हळूच चालू करावा. (इकडेतिकडे पाहून कॉक फिरवतो.) कोणी बघत नाही असे पाहून.

बाटली जरा वेळ स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर दिसला की पाणी नक्की. या वेळी जमलेल्यांतला एक काका बाटली उजेडात धरून वास घेतो आणि म्हणतो, "भेसळ!" काका दुधाचेही असेच निदान करतात.

पेट्रोल उलट जास्तच येत असेल, ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर ठिबकत असेल, तर पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला आहे. अशा वेळी मेकॅनिक वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने टकटक करतो. (दोनदा टकटक. थांबतो. कान देतो.) हा टोटका नाही. हादऱ्याने कण सुटतो आणि सुई बसते. टकटक करावी, ठोकू नये. वाटी मऊ धातूची असते.

गाडी आडवी पडली असेल तर पेट्रोल सांडून इंजिनात शिरते. प्लग काढला की ओला निघतो. उपाय असा : कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किक. जास्तीची हवा आत जाऊन पेट्रोल उडते. नेमक्या याच क्षणी मागून सल्ला येतो, "चोक ओढ की!" चोक ओढणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणे. सल्ला देणाऱ्याला कणसाला लिंबू लावण्याच्या कामात गुंतवावे.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल आलेलेच नाही. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चिखलाने कोंदला आहे का पाहावे.

एवढे होऊनही दोष राहिला तरच जेट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोट्या. इथे गाडी स्वतःच बोलते. नुसती उभी असताना बंद पडते, चोक ओढला की तग धरते : पायलट जेट तुंबला. उभी असताना छान, पण घाटाच्या चढावर मूठ पिळली की गुदमरते : मेन जेट. पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. उन्हाळाभर पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल आटते, चिकट होते आणि तिथेच बसते. मग पहिल्या पावसाला मालकाला ताम्हिणी आठवते आणि गाडीला वाटेतल्या पिरंगुटलाच विश्रांती आठवते. छिद्र फवाऱ्याने किंवा दाबाच्या हवेने साफ करावे. क्लचच्या केबलची तार घालू नये. जेट पितळेचा, तार पोलादी. साफ होता होता छिद्र मोठे होते आणि मग गाडी पेट्रोल अशी पिते की मालकाला पंपावर नावाने ओळखतात.

(दुसरे, पातळ पुस्तक उघडतो.)

फ्युएल इंजेक्शन. 2011 ची हिरो इम्पल्स कार्बोरेटरची होती. 2016 ची रॉयल एनफिल्ड हिमालयन कार्बोरेटर घेऊनच आली आणि 2017 मध्ये तिला इंजेक्शन बसले. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 प्रदूषण नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. त्याबरोबर एका पिढीचे ज्ञान बेकार झाले. तरीही, "कार्बोरेटर खोला!" हे वाक्य ऐकू येतेच. नसलेला कार्बोरेटर शोधताना मंडळींचा अर्धा तास चांगला जातो.

इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद "सुंईईई" असा आवाज येतो. धबधब्याशेजारी तो ऐकू येत नाही, म्हणून टाकीला कान लावावा. (लावतो. डोळे मिटतो.) येणारे-जाणारे फोटो काढतात. काढू द्यावेत.

आवाज नसेल तर किल स्विच पाहावा. पडताना हात बहुधा त्याच लाल बटणावर आपटतो. गाडी आडवी झाली की कलण्याचा सेन्सरही इंजिन बंद करतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की तो मानतो. मग फ्यूज, मग बॅटरी. आवाज येतो पण गाडी उठत नाही, तर फिल्टर किंवा दाब. नळीत सुमारे 3 बार दाबाचे पेट्रोल असते. ती घाटात सोडली तर फवारा थेट तोंडावर येतो. त्यापुढचे काम गॅरेजचे.

गॅरेजपर्यंत टेम्पो. गाडी कार्बोरेटरची असेल तर चढवण्यापूर्वी कॉक बंद करावा, नाहीतर हादऱ्यांनी वाटेभर पेट्रोल सांडते. दोर कुठे बांधावेत आणि टेम्पोवाल्याशी भाडे कसे ठरवावे, हा इंधनव्यवस्थेचा भाग नाही.

(पुस्तक मिटतो. पडदा.)