जुना अंक वाचण्याची शास्त्रोक्त पद्धत (अक्कलकोट तालुक्यापुरती)

जुने मासिक नव्यासारखे उघडून वाचायचे नसते. त्याला पथ्ये आहेत.

प्रथम अंक मिळवणे. गुरुवार टाळावा, त्या दिवशी वटवृक्ष मंदिराच्या वाटेवरच्या गर्दीत चुकलेला माणूस सापडत नाही, तिथे रद्दीवाला कुठला सापडायला? पुण्या-मुंबईचे लेखक ‘माळ्यावर अंक सापडला’ असे लिहितात, त्यांच्या नादी लागू नये. आपली जुनी घरे माळवदाची. वर माळा नाही, माती आहे. अंक असतात फडताळात, नाहीतर आजीच्या ट्रंकेत साड्यांखाली. आधी आजीला चहा करून द्यावा, मग विषय काढावा. “कशाला पायजे तुला?” या प्रश्नाला ‘संशोधन’ हे उत्तर चालते.

अंक हलक्या हाताने झटकावा. गंजलेल्या पिना ओढू नयेत. पिवळी पाने पाहून कुणी काव्य करू लागला तर त्याला सांगावे की स्वस्त कागदाच्या लगद्यात लाकडातले लिग्निन उरते, ते हवा-उजेडाने पिवळे पडते. काव्य तिथेच थांबते.

आता वाचन. कथा सोडून थेट जाहिरातींवर उतरावे. कुणी नाक मुरडलेच, तर ‘किर्लोस्कर’ मासिकाचा दाखला द्यावा. १९२० साली ते ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघाले, कारखान्याची खबर द्यायला. साहित्य मागाहून वस्तीला आले. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला या कारखान्याचा नांगर विकायचा होता. तिथे नटीचा हसरा चेहरा काय कामाचा? शंका घ्या, उत्तर देतो, असा तो सगळा मामला. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचीही जाहिरात सावकाश वाचावी. त्या काळी वाचकाला वेळ आहे हे विकणाऱ्याने गृहीत धरलेले असे. आजचा विक्रेता आपल्याला तीन सेकंद देतो, आणि तेही उपकार केल्यासारखे.

नटीही येते म्हणा. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्या पानावर रेंगाळण्यास हरकत नाही. मात्र गोरेपणाच्या क्रीमपाशी पोचताच चष्मा पुसायला घ्यावा आणि पुसतापुसता पान उलटावे. हा नियम स्मरणरंजनात रमणारे सगळे लोक न सांगता पाळतात.

किंमत दिसली की उसासा टाकणे सक्तीचे आहे. “आठ आणे!” एवढेच म्हणावे. त्या काळी आजोबांना पगार किती होता हे आठवू नये. आठवल्यास उसासा अर्ध्यावर अडकतो.

शेवटी कूपन. ‘हे कापून पाठवा, नमुना मोफत’ असे असेल तर भरू नये, कारखाना केव्हाच बंद झालेला असू शकतो. बहुधा ते आधीच कुणीतरी कापलेले असते आणि पाठच्या कथेचा शेवट त्याबरोबर टपालाने गेलेला असतो. अशा वेळी आजीला विचारावे. कथा तिला आठवणार नाही, पण नमुना आला होता की नाही, हे ती तारीखवार सांगेल.