दुपारी बारानंतरची बाग

सात मुलं, दोन बायका, नऊ बाटल्या पाणी आणि पोळीभाजीचे चार डबे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मजल्यावरची ही पलटण साडेनऊच्या लोकलनं निघाली. कल्याणच्या पलीकडून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून बस, आणि मग मलबार हिलवरचं हँगिंग गार्डन. पोहोचेपर्यंत पावणेबारा झाले.

ही वेळ लक्षात ठेवा. सकाळी सातच्या गाडीत मुलांना घेऊन चढता येत नाही. आमच्या बाजूच्या सकाळच्या लोकल ज्यांनी पाहिल्यात, त्यांना कारण सांगायला नको. गर्दी ओसरली की निघायचं, आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परतीची गाडी धरायची. म्हणजे लांबून येणाऱ्या मुलांच्या वाट्याला बाग येते ती बारा ते चार. आणि नेमकी हीच वेळ राज्यातल्या कितीतरी नगरपालिका आणि महापालिका बागेला कुलूप लावून ठेवतात. मला आज त्या कुलपाबद्दल बोलायचं आहे.

आधी उघड्या बागेचं सांगते.

फाटकात कुणी पैसे मागितले नाहीत, कुठून आलात विचारलं नाही. मुलं आत सुटली ती थेट झुडपांच्या हत्तीकडे. या बागेत झुडपं कापून, छाटून प्राणी केलेले आहेत. मी लहानपणी पाहिले होते, माझ्या आईनं तिच्या लहानपणी पाहिले होते. एक माळी मोठ्या कात्रीनं हत्तीचा कान सारखा करत होता. आमचा पहिलीतला धाकटा त्याच्या पायाशी बसला आणि खाली पडलेली पानं गोळा करून खिशात भरू लागला. माळी थांबला, त्यानं खालचा ढीग पायानं त्याच्याकडे सरकवला आणि पुन्हा कामाला लागला. पुढची दहा मिनिटं धाकट्याला कशाचीच गरज नव्हती.

मग मी त्यांना खालची गोष्ट सांगितली. आपण उभे आहोत ती साधी टेकडी नाही, पाण्याच्या टाकीचं छप्पर आहे. मलबार हिलचा जलाशय १८८०च्या दशकातला. जवळपास १५ कोटी लिटर पाणी त्यात मावतं, आणि दक्षिण मुंबईतल्या घराघरांत तेच जातं. टाकी झाकली आणि त्या झाकणावर बाग केली. २०२३ साली हा जलाशय पाडून नवा बांधायचा बेत पुढे आला, त्यात ३८९ झाडांवर संक्रांत येणार होती. रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांनी तपासलं, दुरुस्तीनं भागेल असं निघालं. झाडं राहिली. त्या रहिवाशांचे मी मनापासून आभार मानते, कारण ती झाडं माझ्या बदलापूर-कर्जतकडच्या मुलांसाठीही राहिली.

धाकट्यानं एवढं ऐकलं आणि तो पालथा पडून जमिनीला कान लावून राहिला.

"मावशी, पाणी वाजत नाहीये."

"टाकीत भरलेलं पाणी वाजतं का रे?" पाचवीतल्या दादानं विचारलं, आणि खात्री करायला स्वतःही कान लावला. मग सातही जण. सात मुलं भर दुपारी जमिनीला कान लावून पाणी ऐकत पडली होती. भूगोलाच्या पुस्तकात शहराच्या पाणीपुरवठ्याचा धडा असतो, तो यांना आता वेगळा शिकवावा लागणार नाही.

ऊन चढलं तसे आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या कमला नेहरू पार्कात गेलो. हँगिंग गार्डनात मोठी झाडं कडेकडेला, पार्कात सावली जास्त. आणि अर्थात म्हातारीचा बूट. आत जिना, वर खिडकी, खिडकीतून खाली उभ्या आईला हाका. या बुटाच्या खिडकीतून हाक मारली नाही असं मुंबईत वाढलेलं मूल सापडणं कठीण. कठड्यापाशी गेलं की खाली गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान पुरी दिसते. तिथंच बाकांवर डबे उघडले. बटाट्याची भाजी, चटणी, चकल्यांचा उरलेला चुरा.

सातवीतली मुलगी सकाळपासून पाणी पीत नव्हती. मी गाडीत दोनदा बाटली पुढे केली, तिनं मान हलवली. बागेत आल्यावर तिनं माझ्या कानाशी येऊन एकच विचारलं, "मावशी, इथे बाथरूम आहे का?" आहे म्हटल्यावर तिनं जाऊन बघून खात्री केली, आणि परत येऊन अर्धी बाटली एका दमात संपवली. बारा वर्षांची मुलगी. बाहेर निघायचं तर तहान मारायची, हे तिला आतापासून पाठ झालं आहे. तिला हे आमच्याच शहरातल्या बागेनं शिकवलं.

आता त्या बागेबद्दल. शहराचं नाव लिहीत नाही, कारण अशी शहरं पुष्कळ आहेत आणि तुमचंही त्यात असेल.

बाग चांगली आहे. वड आहे, कडुनिंब आहे, दोन घसरगुंड्या आहेत, कारंजं आहे. वेळ सकाळी साडेपाच ते साडेदहा, संध्याकाळी चार ते आठ. गेल्या मे महिन्यात आम्ही हीच मुलं घेऊन सकाळी दहाला गेलो. स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली 'साहेबांकडे' होती, साहेब आले नव्हते. मुलं हिरवळीवर बसली तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ ताई, उठवा मुलांना. हिरवळीवर बसायचं नाही."

"मग कुठं बसायचं, दादा?"

त्यानं बाकाकडे हात केला. बाक उन्हात होता, हात लावला तर भाजत होतं. साडेदहाला पुन्हा शिट्टी, आता बाहेर व्हा. आणि वडाची सावली कुलपाच्या आत राहिली.

त्या पहारेकऱ्यावर माझा राग नाही. तो कंत्राटी आहे. त्याच्या खुर्चीला टांगलेली पाण्याची बाटली घरून आणलेली होती, कारण बागेतला नळ कोरडा होता. त्याला दिलेला हुकूम चुकीचा आहे.

हे वेळापत्रक कुणाला डोळ्यांपुढे ठेवून केलं? बागेच्या शेजारी राहणाऱ्या, पहाटे चालायला येणाऱ्या माणसाला. त्यानं जरूर चालावं, त्याच्या गुडघ्यांना आणि साखरेला ते हवंच. पण त्याचं घर पाच मिनिटांवर आहे. तहान लागली, लघवीला जायचं झालं, ऊन वाढलं तर तो घरी जातो. बागेत नळ, संडास आणि सावली लागते ती ज्याचं घर लांब आहे त्याला, आणि ज्याच्या घरात दुपारी पत्रा तापतो त्याला. वेळ ठरवताना ही माणसं कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

कुलपाची कारणं मी विचारली आहेत. पहिलं, दुपारी टवाळखोर बसतात. मग दुपारी पहारेकरी ठेवा. मुलं, आया, आजी-आजोबा बसलेल्या बागेत टवाळखोरांना जागा उरत नाही, रिकाम्या बागेतच त्यांचं फावतं. दुसरं, प्रेमी युगुलं येतात. येऊ देत. दोन माणसं बाकावर शेजारी बसली म्हणून शंभर मुलांना बाहेर ठेवायचं, हा कुठला हिशेब? तिसरं, झाडांना पाणी घालायचं असतं. भर दुपारी बारा वाजता झाडांना कुठलाही माळी पाणी घालत नाही, घरात तुळस असणाऱ्याला हे कळतं. चौथं कारण खरं आहे, माणसं कमी आहेत. तर मग माणसं नेमा. कारंज्याला रंगीत दिवे बसवायला पैसे निघाले, तर दुपारच्या पाळीला एक माणूसही निघेल.

बाग ही पालिकेनं हौसेनं दिलेली भेट आहे, असं अधिकाऱ्यांच्या बोलण्यातून जाणवतं. तसं नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या कारभारात येणाऱ्या १८ विषयांची ती यादी. तिच्यात बाराव्या क्रमांकावर उद्यानं, बागा, मैदानं आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, अग्निशमन आणि स्मशानभूमी ज्या रांगेत, त्याच रांगेत. हँगिंग गार्डनला नाव आहे फिरोजशहा मेहतांचं. मुंबई पालिकेचा १८८८चा कायदा घडवणाऱ्यांत ते आघाडीवर होते, आणि पालिका आजही त्याच कायद्यानं चालते. बागेला नेमकं त्यांचं नाव आहे, हे मला फार योग्य वाटतं.

आता तिकिटाचं. आमच्याकडे माणशी दहा रुपये लावायचं घाटतं आहे. "दहा रुपयांत हल्ली काय येतं?" असं मला एकानं विचारलं. मलबार हिललाही असं तिकीट असतं तर आम्हा नऊ जणांचे नव्वद रुपये झाले असते. त्यात बेस्टचं भाडं घाला. २०२५च्या मे महिन्यात ते किमान ५ रुपयांवरून १० झालं, एसी बसचं ६ वरून १२. माझ्या शेजारणीची सून शिवणकाम करते. तिची दोन मुलं आमच्याबरोबर होती. तिनं सकाळी माझ्या हातात पन्नासाची नोट ठेवली, घडी घालून घालून मऊ झालेली, आणि म्हणाली, "काकू, पुरतील ना?" बागेला तिकीट असतं तर ती मुलं आली नसती. पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली असती, आणि आम्ही ते खरं मानलं असतं.

राणीच्या बागेचं तिकीट २०१७ साली ५ रुपयांवरून ५० झालं, चौघांच्या कुटुंबाला १००. तिथे प्राणी आहेत, पेंग्विनांना गारवा लागतो, पशुवैद्य लागतात. तो खर्च मला समजतो. मलबार हिललाच कमला नेहरू पार्काजवळ झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत मार्ग मार्च २०२५ मध्ये सुरू झाला, त्याला २५ रुपये. तो नवा आहे, तिथे एका वेळी मोजकीच माणसं सोडावी लागतात, तेही समजतं. पण झाड, गवत, बाक आणि सावली यांना तिकीट लावायचं काहीही कारण मला दिसत नाही. ज्या बागा आज मोफत आहेत त्या मोफतच राहिल्या पाहिजेत, आणि दहा रुपयांच्या पहिल्या पावतीलाच विरोध झाला पाहिजे. पाचाचे पन्नास कसे होतात ते आपण पाहिलं आहे.

परतीची गाडी आम्ही चारच्या आत धरली. दादरनंतर सगळ्यांना बसायला जागा मिळाली आणि ठाण्यापर्यंत पाच जण झोपले होते. धाकटा जागा होता. खिशातली पानं त्यानं मांडीवर काढून मोजली, अर्धी वाळून गुंडाळली होती.

परवा आम्ही आमच्या पालिकेत अर्ज दिला. बाग दुपारी उघडी ठेवा, स्वच्छतागृहाची किल्ली पहारेकऱ्याकडे द्या, नळाला पाणी सोडा, मुलांना हिरवळीवर बसू द्या, तिकीट लावू नका. खाली मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. मुलांनीही सह्या केल्या. धाकट्याला सही येत नाही. त्यानं आपलं नाव लिहिलं आणि पुढे एक हत्ती काढला. आवक-जावकच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला, हत्तीपाशी थांबल्या, आणि त्यावर शिक्का पडणार नाही असा बाजूला मारून पोच दिली.