नाणेमामा

आमच्या मामांचं घरातलं नाव नाना. ‘नाना’चं ‘नाणे’ कुणी केलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण गेली तीसेक वर्षं सगळं आजोळ त्यांना नाणेमामाच म्हणतं. मामींचा संशय आहे, की हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं.

वाण्याने सुट्टे परत दिले की आपण मोजतो. मामा उलटे करतात. चष्मा कपाळावर, नाणं नाकाशी, आणि मागे रांग. “काका, पैसे बरोबर आहेत,” वाणी म्हणतो. “पैसे असतील हो बरोबर. मी टांकसाळ बघतोय.” मग रांगेतल्या पहिल्या बेसावध माणसाला शिकवणी सुरू. सालाच्या खाली बघायचं. पत्त्यातली चौकट असेल तर मुंबई. चांदणी असेल तर हैदराबाद. ठिपका म्हणजे नोएडा. आणि काहीच नसेल तर? इथे मामा थांबतात. समोरचा “माहीत नाही” म्हणेपर्यंत पुढे जात नाहीत. “कोलकाता! काहीच नसणं हीसुद्धा खूणच.” हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलंय. बेरीज चुकून दहा रुपये कमी आले होते हे मात्र त्यांच्या घरी गेल्यावर लक्षात येतं.

त्यांचं म्हणणं, खजिना शोधायला बेटावर जावं लागत नाही, वाण्याकडे जावं लागतं. पटतंही ते. १९८५ च्या एखाद्या रुपयावर सालाखाली बारीकसा ‘एच’ असतो. तो रुपया बर्मिंगहॅमला पडलेला. आपल्या टांकसाळींना मागणी झेपेना, म्हणून सरकारने कधी इंग्लंडात, कधी कोरियात, कधी मेक्सिकोत नाणी पाडून घेतली. १९९९ च्या पाचाच्या एका नाण्यावर तर मॉस्कोच्या टांकसाळीची अक्षरं आहेत. ते नाणं मामांना बसमध्ये कंडक्टरने दिलं. त्या दिवशी ते आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेले आणि हसत चालत परत आले.

लग्नकार्यात त्यांना सांभाळावं लागतं. आहेराच्या पाकिटांवर जो रुपया चिकटवलेला असतो, त्यावर त्यांचा डोळा. माझ्या लग्नात सगळे विहिणीच्या पंक्तीत गुंतलेले, आणि मामा कोपऱ्यात पाकिटं उलटीसुलटी करताहेत. माझ्या सासऱ्यांनी ते पाहिलं. “तुमचे मामा जरा...?” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “नाही हो, ते आतलं काही बघत नाहीत. बाहेरचाच रुपया बघतात.” यानेही त्यांचं समाधान झालं नाही. बरं, मामा प्रामाणिक. हवा तो रुपया सोडवून घेतला तर तिथे दुसरा चिकटवतात. खिशात डिंकाची बाटली असते.

एकदा दिवाळीच्या साफसफाईत मामींनी त्यांच्या तीन शिवराया चिंच लावून लखलखीत घासल्या. शिवकाळापासून साचलेला काळपटपणा दहा मिनिटांत गेला. मामा तीन दिवस बोलले नाहीत. मामी म्हणतात, ती दिवाळी बरी गेली.

हल्ली मामा उदास असतात. भाजीवाली पाटीवर क्यूआर कोडाचा कागद लावून बसते. सुट्टे येणार कुठून? “हाही कोडच,” ते म्हणतात, “पण यात शोधायचं काय?” म्हणून ते मुद्दाम पन्नासची नोट देऊन बारा रुपयांची कोथिंबीर घेतात. घरी कोथिंबीर फार झाली आहे.

अशात मेलबर्नच्या भाचीने त्यांना एक नाणं आणून दिलं. ऑस्ट्रेलियाचं, पन्नास सेंटचं. परक्यांचे गुप्त संदेश फोडणारी तिथली जी सरकारी संस्था आहे, तिला २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षं झाली, म्हणून काढलेलं. “म्हणजे १९४७ ची. आपल्या स्वातंत्र्याएवढी,” मामांनी लगेच नातं जोडलं. मग कडा मोजल्या. बारा. “आपल्या जुन्या दोन रुपयांना अकरा होत्या,” हे जरा हिरमुसून. पण खरी मजा पुढे होती. नाण्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरांच्या रांगा, आणि त्यांत एकाआड एक चार कोडी लपवलेली. अशी ५०,००० नाणी काढली होती. मामांना आयुष्यभर ज्याचा संशय होता, ते अखेर एका सरकारने कबूल केलं होतं.

पुढचे नऊ दिवस मामा जेवायला उशिरा आले. दहाव्या दिवशी ओरडले, “उलटी वर्णमाला! ए-च्या जागी झेड, बी-च्या जागी वाय!” एका रांगेतून खरंच इंग्रजी वाक्य निघालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात माझ्या मुलीने फोनमध्ये बघून सांगितलं, की टास्मानियातल्या चौदा वर्षांच्या एका मुलाने चारही कोडी तासाभरात सोडवली होती. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “त्याला वाण्याकडे जावं लागत नसेल.”

बाकीची तीन कोडी त्यांनी सोडून दिली, पण उलटी वर्णमाला धरून ठेवली. नाण्यांच्या खरेदीची त्यांची एक वही आहे. तिच्यात दिलेली किंमत मामींना कळू नये, ही जुनी अडचण. आता ते आकडे उलटे लिहू लागले. एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ. जुन्या बाजारात एका नाण्याला १,८०० मोजले, वहीत लिहिले ९,२००. मामी दर रविवारी पेनने शब्दकोडं सोडवतात, खाडाखोड न करता. हे मामांच्या लक्षात यायला हवं होतं.

पाडव्याला मामींनी ओवाळलं आणि ताट पुढे केलं.

“यंदा ९,२००,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्या नाण्याला दिलेत तेवढेच. वहीत लिहिलंय.”

“अगं, ते उलटं...” मामा थांबले. पुढे बोलायचं म्हणजे किल्लीच सांगायची.

“उलटं कसं असेल? तुमच्याच अक्षरात आहे की.”

मामांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही छताकडे. मग त्यांनी मुकाट्याने नोटा मोजून ताटात ठेवल्या, आणि ताटातल्या सुपारीशेजारचा रुपया उचलून उलटा केला.

“अहो, ठेवा तो खाली,” मामी म्हणाल्या. “कोलकात्याचा आहे.”