पंधरा दिवसांची थंडी आणि पाच तारे

सोलापुरात ऋतू तीन. उन्हाळा, कडक उन्हाळा आणि गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे, म्हणजेच गड्ड्याचे, पाळणे होम मैदानावर लागले, की पहाटेचा पारा पंधरा-सोळावर उतरतो आणि मे महिना पंख्याखाली काढणारं शहर कानटोप्या शोधायला लागतं. यात्रेच्या पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. मूळ कानडी अर्थ, तेलाची आंघोळ. देवाची आंघोळ अशी बिनविजेची पार पडते. भक्ताचं तसं नाही. त्याला हीटर लागतो आणि तोही कमी वीज खाणारा.

मग घरातले कर्ते गृहस्थ नवी पेठेत जातात. दुकानदार आधी खोली गरम करायचा हीटर पुढे करतो. ज्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे त्या गावात हे यंत्र विकायला छाती लागते. दोन हजार वॅटचा हीटर रात्रीचे आठ तास चालला तर १६ युनिटं. चादरीचे पैसे एकदाच पडतात आणि ती नातवंडांच्या अंगावरही निघते. गृहस्थांनी मान हलवली की गाडी गिझरवर येते.

“मालक, पाच तारे आहेत याला. वीज खातच नाही बघा.”

ताऱ्यांवर सोलापूरकराचा विश्वास बसतो, कारण त्याला त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. साठवणुकीच्या गिझरवरचे तारे सांगतात ते एवढंच, की तापवून ठेवलेल्या पाण्याची ऊब टाकीच्या भिंतीतून किती निसटते. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला त्यांचा उपयोग. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं बटण दाबून लगेच बंद करणाऱ्याला पाच तारे आणि तीन तारे यांतला फरक बिलात भिंग लावून शोधावा लागेल.

कारण पाण्याला वॅट कळत नाहीत. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायला ४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जेमतेम अर्धं युनिट. हजार वॅटचा रॉड ते काम २८ मिनिटांत करील, तीन हजार वॅटचा झटपट गिझर नऊ-दहा मिनिटांत. युनिट तेवढंच. विजेवर तापणारी तार, मग ती कोणत्याही कंपनीची असो, आलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता करते. तिथे काटकसर करायला जागाच नाही. “आमचा हीटर निम्मी वीज खातो” असं कोणी म्हणालं तर पाणीही निम्मंच तापतं, इतकं सरळ आहे ते. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचं पांढरं कवच चढलं, की कुरकुर वाढते आणि एक दिवस कॉइल जाते, हा भाग वेगळा.

घरात चार माणसं, रोज दोन युनिटं, महिन्याला साठ. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांना एक भाव आणि १०१ पासून बराच चढा. म्हणजे स्वस्त टप्प्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा न्हाणीघर खातं. टीव्ही, फ्रीज, पंखे यांनी पुढचं भागवावं.

रॉडवाल्यांचा पंथ निराळा. दोन-चारशे रुपयांत काम होतं, हे खरं. पण पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायची आणि बटण नंतर बंद करायची जी रीत आहे, तिच्यापुढे गड्ड्यातला मौत का कुआँ फिका. अर्थिंग आहे का विचारलं तर उत्तर येतं, “इतकी वर्षं काही झालं नाही बे.”

आता ही वीज बनते कशी ते बघा. शहराच्या दक्षिणेला, फताटेवाडीत, एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. कोळशातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून कमी भाग वीज होऊन तारेत शिरतो, उरलेला वाऱ्यावर. तारांचाही सोलापूरला मोठा मान: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. एवढ्या खटाटोपानंतर वीज जुळे सोलापुरातल्या न्हाणीघरात येऊन करते काय? पाणी कोमट करते. फताटेवाडीत उजनी धरणाचं पाणी उकळायचं ते कशासाठी, तर घरात उजनीचंच पाणी ऊन करायला. तेही नळाला पाणी आलं तर. इथे ते दिवसाआड नव्हे, दिवसांआड येतं.

आजीचा तांब्याचा बंब या भानगडीत नव्हता. मधल्या नळकांड्यात तुराट्या आणि शेंगांची टरफलं घातली, की भोवतीचं पाणी तापायचं. धूर मात्र सगळ्या वाड्याला पुरायचा. तो बंब आता चिंचेने घासून बैठकीत ठेवला आहे आणि त्यात मनीप्लँट आहे.

त्याचा धाकटा भाऊ, सौर बंब, गच्चीवर बसतो. शंभर लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेलं तर रोज चार युनिटांचं काम फुकटात होतं, आणि ऊन ही सोलापूरची एकमेव वस्तू जिचा कधी तुटवडा नाही. पण गच्ची सोसायटीची असते. तिथे पापड कोणी वाळवायचे यावरच सभा तीन वेळा तहकूब झालेली. सौर बंबाचा विषय निघेपर्यंत हिवाळा संपतो.

मार्च सरला की वाद आपोआप मिटतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापलेलं असतं, पाच ताऱ्यांचा गिझर भिंतीवर गप्प लटकतो आणि संध्याकाळच्या आंघोळीसाठी घरोघरी सकाळीच बादल्या भरून सावलीत ठेवतात, पाणी निवायला.