वातावरण शहाणं आहे!

सुट्टीला हरिहरेश्वरला येऊन होमस्टेच्या पडवीत लॅपटॉप उघडणाऱ्या सल्लागारांकडे एकच मात्रा असते. यजमानांच्या कॉलेजातल्या मुलीचं ऑक्टेव्ह हे गणिताचं सॉफ्टवेअर लिनक्सवर आलेख काढताना धाडकन बंद पडतं? 'सोर्सवरून बिल्ड कर.' सुरमईची ऑर्डर देता देता सांगून होतं.

बिल्ड करायला घेतलं की कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट ढीगभर गोष्टी तपासते. त्यात सुरुवातीलाच एक ओळ येते: 'बिल्डचं वातावरण शहाणं आहे का? हो.' केवढा दिलासा! पण तपासलं काय? मुख्यतः एवढंच, की आत्ता तयार केलेली फाइल स्क्रिप्टपेक्षा नवी दिसते ना. म्हणजे घड्याळ. रॅम पुरेल का, वीज संध्याकाळपर्यंत टिकेल का, बिल्ड करणाऱ्याला ते का करतोय हे ठाऊक आहे का, याच्याशी या शहाणपणाला देणंघेणं नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला, त्यात पावसाने इंटरनेट घालवलं आणि यंत्र कुठल्या तरी जुन्याच तारखेला जागं झालं, की तेच वातावरण वेडं ठरतं. सेल बदला, पुन्हा शहाणं. सल्लागारांसाठी असा सेल बाजारात मिळत नाही.

शहाणपणाचा दाखला मिळाल्यावर स्क्रिप्टची खरी मागणी सुरू होते. फोरट्रानचा कंपायलर, ब्लास आणि लापॅक या गणिती लायब्ररी नसतील तर काम तिथेच अडतं. खिडकी उभी करणाऱ्या क्यूटीच्या हेडर फाइली नसल्या तर मात्र नुसता इशारा येतो, तो शेकडो ओळींत वाहून जातो आणि शेवटी हाती येतं ते खिडकीच नसलेलं ऑक्टेव्ह. खिडकी कोसळत होती, आता कोसळायला खिडकीच नाही! आणि समजा सगळं जमलं, तरी आलेख काढताना पडण्याचं दुखणं बरेचदा ग्राफिक्स ड्रायव्हरचं असतं. ड्रायव्हर तोच, तर पडणंही तेच. दोष सोर्समध्येच असेल तर तोच सोर्स पुन्हा बिल्ड करून तोच दोष, फक्त घरी बनवलेला, मिळतो. म्हणून आधी जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्राम नेमका कुठे पडला त्याचा माग, बघायचा. त्याला लागणारी डीबग सिम्बॉल्स डेबियनसारख्या वितरणांत तयार पॅकेजमध्ये मिळतात. दोष नव्या आवृत्तीत सुधारलाय पण पॅकेज जुनंच आहे, किंवा लायब्ररींचा मेळ बसत नाही, असं कळलं तर खुशाल बिल्ड करा.

यावर उत्तर ठरलेलं: सोर्स खुला आहे, हेच तर स्वातंत्र्य, शिवाय शिकायला मिळतं, आणि फुकटात आणखी काय हवं? खुला सोर्स हे स्वातंत्र्य आहे, शंकाच नाही. शिकायचं असेल त्याने कर्नलही बिल्ड करावा. पण हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पाय घसरलेल्याला गावातलं कोणी 'कातळ फोडून तुझ्या पायऱ्या तू खोद' असं सांगत नाही. ओहोटी कधी आहे ते सांगतात. त्या मुलीला शिकायच्या होत्या मॅट्रिक्स. प्रॅक्टिकलच्या तोंडावर तिचे दोन दिवस हेडर फाइली शोधण्यात गेले, तर ते कोणाच्या हिशेबात धरायचे? सोर्स वाचणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे, त्याच्यावर लादलेली वेठ नव्हे. कारण न शोधता बिल्ड करायला सांगणं म्हणजे मदत नाही, निव्वळ अंग काढून घेणं आहे, आणि वर त्याला ज्ञानदान म्हणायचं हा निर्लज्जपणा.

बॅकट्रेससाठी जीडीबीत 'बीटी' ही दोन अक्षरं टाइप करावी लागतात. सल्लागारांनी ती आधी टाइप करायला सांगावीत, आणि पुढे आलेलं वाचता येत नसेल तर गप्प बसावं.